वैयक्तिक अडचण

अक्का गेल्यावर वकील संघानं शोकसभा घेतली. दोन मिनिटं उभं राहून झालं, दोघातिघांची भाषणं झाली आणि संघाचे सेक्रेटरी ठराव टाइप करून घ्यायला माझ्याकडं आले. उभ्याउभ्याच सांगायला लागले, "आपल्या संघाच्या ज्येष्ठ सदस्या श्रीमती इंदुमतीबाई यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले..."

माझी बोटं 'अल्पशा'वर थांबली.

"काय झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"अल्पसा कशावरून?"

"अहो, असंच लिहितात."

मी टाइप केलं. जन्मभर तेच करत आलो. लोक सांगतात, मी टाइप करतो. 'अल्पशा' हा शब्द त्या दिवशी माझ्या डोक्यात इतका गेला की घरी जाऊन जेवलो नाही.

कोर्ट कोणतं ते सांगत नाही. जळगाव जिल्ह्यातलं, तालुक्याचं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून मला रस्त्यात नमस्कार करतात, त्यांना कशाला दुखवायचं? सायकल स्टँडच्या पत्र्याखाली माझं टेबल, त्यावर माझा मराठी टाइपरायटर आणि समोर एक डुगडुगती खुर्ची. मी मूळचा सोनगीरचा. अक्कांचं माहेरही तिकडचंच, धुळे तालुक्यातलं. त्यामुळं इतरांशी त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या आणि माझ्याशी थेट अहिराणीत. "तू माहेरना मानूस शे," म्हणायच्या. त्या मला भाऊ म्हणत. साऱ्या कोर्टाच्या त्या अक्का होत्या. न्यायाधीशसुद्धा चेंबरमध्ये चुकून अक्काच म्हणून जायचे.

दिसायला ठेंगण्या, आवाज मात्र तीन कोर्टांना पुरेल एवढा. पांढरी साडी, काळा कोट, खांद्याला कातडी पिशवी आणि हातात पितळी फिरकीचा तांब्या. हा तांब्या म्हणजे अक्कांची खूण. दुपारच्या सुट्टीत त्या महिला वकिलांच्या खोलीत शिरल्या की पहिला प्रश्न, "पानी पिधं का?" खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. त्यात एक टेबल आणि चार-पाच जणी. कोणी हो म्हटलं तरी अक्कांचा विश्वास बसत नसे. ग्लास भरून समोर धरायच्या आणि शेवटचा घोट जाईपर्यंत हलायच्या नाहीत. मग पिशवीतून शेंगदाण्या-गुळाचा लाडू निघायचा. तो खाऊन झाला की, "डोया दखाड." अंगठ्यानं त्या मुलीची खालची पापणी ओढून उजेडाकडं वळवायच्या. आतून लाल दिसली तर सोडून द्यायच्या, फिकी दिसली तर शनिवारी दवाखान्यात नेऊन उभं करायच्या. गावातल्या एक डॉक्टरीणबाई त्यांच्या मैत्रीण होत्या. नव्या वकिलीणी अक्कांना उलटतपासणीपेक्षा या पापणीतपासणीला जास्त भ्यायच्या.

पाण्याचं एवढं काय, असं वाटेल. त्याचं असं होतं की आमच्या कोर्टात बायकांसाठी संडास-मोरी नव्हती. पुरुषांची होती, मागच्या अंगाला. बायका सकाळी घरून निघताना पाणी प्यायच्या ते संध्याकाळी घरी जाऊनच. अगदी गळ्याशी आलं तर कोर्टामागच्या बेलिफाच्या घरी जायचं, त्याच्या बायकोला दहादा विचारायचं आणि तिनं "जा ना" म्हटलं तरी तोंड चोरून परत यायचं. अक्कांनी किती अर्ज केले त्याला गणती नाही. सगळे मीच टाइप केले. एकदा संघाच्या बैठकीत एक बुजुर्ग वकील म्हणाले, "चार बायकांसाठी बांधकाम कशाला?" दुसऱ्या दिवशी अक्कांनी घरून भलंमोठं कुलूप आणलं, पुरुषांच्या मुतारीला ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचून साक्ष घ्यायला कोर्टात उभ्या राहिल्या. दोन तास साक्ष चालली. बाहेर धोतरवाले, पॅंटवाले सगळे चुळबुळत होते. शेवटी तेच बुजुर्ग दाराशी येऊन हात जोडून उभे राहिले तेव्हा अक्का न्यायाधीशांना म्हणाल्या, "साहेब, पाच मिनिटं मिळावीत. वैयक्तिक अडचण आहे. माझी नाही, यांची."

कोर्ट हसलं. मीही हसलो. वर्षाच्या आत बांधकामही झालं. नारळ फुटला, पेढे वाटले. आणि आठवड्याभरात रेकॉर्ड रूम गळायला लागली म्हणून जुन्या खटल्यांचे गठ्ठे त्या नव्या संडासात रचले गेले. 'तात्पुरते.' मी टेबल उचललं तेव्हाही ते तिथंच होते.

पण अक्कांनी ते शब्द गमतीत वापरले याचं त्या दिवशी मला नवल वाटलं होतं. कारण 'वैयक्तिक अडचण' हे दोन शब्द त्यांना सहन होत नसत.

वकिलाला तारीख पुढं ढकलून हवी असली तर तहकुबीचा अर्ज द्यावा लागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं. पुरुष वकिलांची कारणं भरपूर: ताप आला, गावी जायचं, दुसऱ्या कोर्टात काम. बायका आल्या की टेबलाशी घुटमळायच्या आणि म्हणायच्या, "लिहा ना काहीतरी. वैयक्तिक अडचण लिहा." मी लिहायचो. मला ते शब्द न बघता टाइप करता येत. पोटात कळ येवो, दिवस जावोत, गर्भ पडो, अंगातून रक्त जावो, कागदावर सगळ्याचं नाव एकच.

ऐंशी सालच्या मागेपुढे आमच्याकडं महिला वकील दोनच होत्या. एक अक्का, दुसऱ्या शालिनीबाई. एकाच टेबलावर बसत, एकाच डब्यात जेवत. एका वाटणीच्या दाव्यात मात्र त्या समोरासमोर होत्या. त्या पावसाळ्यात शालिनीबाईंनी त्या दाव्यात लागोपाठ तीन मुदती घेतल्या. तिन्ही अर्जांत कारण तेच. बाररूममध्ये टवाळी सुरू झाली की बाईंची अडचण फार नियमित दिसते. अक्कांचा पक्षकार त्यांच्या मागं लागला. चौथा अर्ज आला तेव्हा अक्का माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी विरोध सांगितला, "वारंवार मोघम कारणे देऊन काम लांबवण्याचा प्रतिपक्षाचा इरादा दिसून येतो. सबब अर्ज नामंजूर व्हावा." अर्ज नामंजूर झाला. शालिनीबाई कोर्टात आल्या, टेबलाची कड धरून दीड तास बोलल्या, आणि तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या एका दवाखान्यात वारल्या. डॉक्टर म्हणाले, तीन महिने अंगावरून जात होतं, अंगात रक्तच उरलं नव्हतं. नवऱ्याला माहीत नव्हतं. रोज एका डब्यात जेवणाऱ्या अक्कांना माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी अक्का माझ्याकडं आल्या. "भाऊ, तो विरोधाचा कागद... कार्बन कॉपी असेल का?" मी गठ्ठ्यातून काढून दिली. त्यांनी चार घड्या घालून ती कातडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. ती तिथून कधी निघाली नाही.

तांब्या, लाडू आणि पापण्या हे सगळं त्यानंतरचं. आणि त्यांचा नियमही. कोणीही मुलगी माझ्या टेबलाशी आली आणि 'वैयक्तिक' म्हणाली, की कुठून कोण जाणे, अक्का पाठीशी उभ्या. "भाऊ, खरं कारन लिख. लाजानं काय शे त्यामा?" मग त्या मुलीकडं वळून शुद्ध मराठीत, "ताप आला की ताप लिहितेस ना? मग हेही दुखणंच आहे. कोर्टाला कळू दे बायका कशानं आजारी पडतात." मुलींचे कान लाल व्हायचे. पण लिहायच्या. आणि मुदती मिळायला लागल्या, हे खरं. एका न्यायाधीशांनी तर अशा अर्जावर विरोध करणाऱ्या वकिलाला झापलं. त्या दिवशी अक्का माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या, पाय हलवत. एवढ्या आनंदात मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

निलिमा त्यांची सगळ्यात लाडकी ज्युनियर. पहूरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, घराण्यात पहिलीच वकील. फटाफट बोलायची, माझ्या टाइपातल्या चुका उभ्यानं काढायची आणि वर म्हणायची, "काका, चष्मा बदला." पाचोऱ्याच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न ठरलं होतं. अक्कांनी तिच्यासाठी वकिलीचा नवा गाऊन शिवून घेतला होता. लग्नानंतरही वकिली करायची, एवढी एकच अट तिनं घातली होती आणि ती मुलाकडच्यांनी मान्य केली होती.

लग्नाच्या तीनेक महिने आधी अक्कांनी तिची पापणी ओढली. फिकी निघाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाळीत अतोनात रक्त जात होतं, औषधानं थांबत नव्हतं. त्या म्हणाल्या, क्युरेटिंग करू, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून घेऊ, आठ दिवस विश्रांती घे, घाबरण्यासारखं काही नाही. नेमकी त्याच आठवड्यात निलिमाच्या एका बांधाच्या दाव्यात तारीख होती.

दोघी माझ्यासमोर आल्या. निलिमा म्हणाली, "अक्का, नुसतं आजारी लिहिलं तर?"

"आजारी म्हणजे सर्दी समजतात. सर्दीला विरोध होतो," अक्का म्हणाल्या. "शालूच्या अर्जाला मीच विरोध केला होता. तुझ्या अर्जाला विरोध करायची कोणाची हिंमत होता कामा नये. पूर्ण लिही."

मी कागद चढवला. 'अतिरक्तस्राव' टाइप केलं. 'गर्भाशय' टाइप केलं. 'क्युरेटिंग'च्या 'क्यु'वर माझा हात थांबला. बांधाच्या दाव्यातला सामनेवाला निलिमाच्या शेजारच्याच गावचा, हे मला माहीत होतं. दाव्यातला कुठलाही कागद रेकॉर्डवर गेला की अर्ज करून त्याची नक्कल काढता येते, हे तर कोर्टातल्या चहावाल्यालाही माहीत असतं. अक्कांना माहीत नव्हतं? वीस वर्षं नकला काढत आल्या होत्या! पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांपुढं शालिनीबाई होत्या, दुसरं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी पुढचं अक्षर दाबलं.

मुदत मिळाली. निलिमा बरी झाली. पंधरा दिवसांत सामनेवाल्यानं त्या अर्जाची नक्कल काढली.

दावा त्याच्या मनासारखा चालत नव्हता, त्याचा राग त्यानं असा काढला. ती नक्कल, कोर्टाच्या शिक्क्यासकट, आधी त्याच्या गावच्या पारावर वाचली गेली, मग निलिमाच्या गावात, आणि तिथून पाचोऱ्याला गेली. लग्नाआधीच दिवस गेले होते, पिशवी साफ करून घेतली म्हणे, हा त्या कागदाचा लोकांनी केलेला अर्थ. कागदात तसं एक अक्षर नव्हतं. लग्न मोडलं.

अक्का डॉक्टरीणबाईंचा दाखला घेऊन पाचोऱ्याला मुलाच्या घरी गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, मुलाच्या आईनं चहा दिला, दाखला दोनदा वाचला आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरं असंल हो. पण तो कागद कोर्टाचा आहे ना."

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. तो अर्ज रेकॉर्डमधून काढून परत मिळावा, असा अर्ज केला. स्वतः उभ्या राहिल्या. मी टेबल सोडून दाराशी जाऊन ऐकत होतो. नेहमीचा तो आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. न्यायाधीश भले होते, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, रेकॉर्डवर आलेला कागद मला काढता येत नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

"नाही, साहेब," अक्का म्हणाल्या आणि खाली बसल्या.

निलिमाचे वडील एकदाच आले. तिची पुस्तकं न्यायला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. अक्का उठून उभ्या राहिल्या. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवलं तेच पोरीनं केलं. खोटं काही लिहिलं नाही. आता मी गावात कोणाकोणाला डॉक्टरचा कागद दाखवत फिरू?"

"मी येते गावात, आबा. मी सांगते सगळ्यांना."

"नका येऊ," ते म्हणाले. "तुम्ही आल्या की पुन्हा बोलतील."

पुस्तकं गेली, गाऊन खुंटीवर राहिला. वर्षभरात निलिमाला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी बिजवराला दिलं. तिथं कोर्ट नाही, एसटी दिवसातून दोनदा. अक्का तिला पत्रं लिहायच्या. खूप दिवसांनी एक कार्ड आलं, एका ओळीचं: माझा गाऊन कोणाला तरी देऊन टाका. अक्कांनी दिला नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत तो घरी नेऊन धुवायच्या, इस्त्री करायच्या आणि पुन्हा त्याच खुंटीला अडकवायच्या.

त्यानंतरच्या अक्का मला बघवत नसत. तांब्या होता, लाडू होते, पापण्याही ओढत. पण एखादी मुलगी माझ्या टेबलाशी येऊन "वैयक्तिक अडचण लिहा" म्हणाली की दूर उभ्या राहून नुसत्या बघायच्या. एकदा अशीच एक मुलगी अर्ज घेऊन गेल्यावर त्या खुर्चीत येऊन बसल्या. पिशवीचा आतला कप्पा उघडून मला दाखवला. शालिनीबाईंच्या कागदाशेजारी आता निलिमाच्या अर्जाची नक्कल होती.

"एकीनी दुखनं दपाडं, ती गई," त्या म्हणाल्या. "दुसरीले मी सांगाले लावं, तिनी वकिली गई. आते तिसरी उनी तं तिले मी काय सांगू, भाऊ?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांची उत्तरं टाइप केलेला माणूस मी, पण त्या बाईला देण्यासारखा एक शब्द माझ्यापाशी नव्हता. मी उगाच रिबन बदलत बसलो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दिवाळी होऊन कोर्ट नुकतं उघडलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला अक्का आल्या आणि खुर्चीत बसल्या. साडी सैल झाली होती, कोट खांद्यावरून उतरत होता. वाटलं, सुट्टीत कुठं प्रवास झाला असेल.

"तहकुबीचा अर्ज," म्हणाल्या. "माझा स्वतःचा."

अक्कांनी स्वतःसाठी कधी मुदत मागितलेली मला आठवत नव्हती. मी दोन कार्बन घालून कागद चढवला. न्यायालयाचं नाव झालं, दाव्याचा नंबर झाला, 'अर्जदार वकिलांची विनंती अशी की' इथवर आलो आणि थांबलो. वर पाहिलं. इतकी वर्षं त्यांना दुसऱ्यांच्या पापण्या ओढताना पाहून मलाही ती विद्या थोडी आली होती. हात लावायची गरज नव्हती. डोळ्यांच्या कडा कागदासारख्या पांढऱ्या दिसत होत्या.

"काय व्हयनं, अक्का?"

त्या सायकलींकडं बघत राहिल्या.

"वैयक्तिक अडचण," म्हणाल्या.

माझे हात मांडीवर आले. "खरं कारन लिखू का?"

"नको रे भाऊ. कोनी नक्कल काढी."

त्या विधवा, मूलबाळ नाही, पन्नाशी उलटलेली. त्यांच्या कागदाची नक्कल काढून कोण काय करणार होतं? हे मी बोलायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तिथून दोन गल्ल्या होता. उठून जायला हवं होतं. पुढं त्या डॉक्टरीणबाई माझ्यासमोर रडल्या. छातीतली गाठ दोन वर्षांची होती आणि दर शनिवारी मुलींना घेऊन येणाऱ्या या बाईनं त्यांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मी टाइप केलं. त्यांनी नेहमीसारखं चष्मा वर करून वाचलं, सही केली. तांब्या उचलायला वाकल्या तेव्हा टेबलाचा आधार घ्यावा लागला. महिला वकिलांच्या खोलीकडं निघाल्या. वाटेत त्या वर्षी आलेली एक नवी मुलगी समोरून फायली छातीशी धरून येत होती. अक्का थांबल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण अंगठा तिच्या पापणीकडं गेलेला मी पाहिला. उजेडासाठी तिचं तोंड वळवलं, नीट पाहिलं, आणि फिरकी काढून तांब्या तिच्या हातात दिला. ती मुलगी आढेवेढे घेत प्यायली. तिचं होईपर्यंत अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या.

माझ्यासमोर पुढचा पक्षकार येऊन बसला होता. "भाडेकरूचं काम आहे, घाई आहे," म्हणाला. मी नवा कागद चढवला.